तांडेलांची टोपी

"ह्यो कसला खुळखुळा आणलास?" आमची होडी चालवणारे धर्मा तांडेल माझा नवा पाना कानाशी हलवून हसले होते. पाना मुठीएवढा, आणि नटावर बसवायच्या सगळ्या गोट्या त्याच्या दांड्यातच.

आज भर समुद्रात डिझेल पंपाचा नट सैल झाला आणि होडीचं इंजिन बंद पडलं. एका लाटेनं हत्यारांची पेटीच नेली, दुसरी आम्हाला खडकाकडे ढकलू लागली. मी खिशातला खुळखुळा काढला, दांड्यातून तेराची गोटी ओढली. कटकट, कटकट. इंजिन धडधडलं. खडक वल्हंभर अंतरावरून मागे गेला.

तांडेलांची टोपी वर्षातून एकदाच उतरते, नारळी पुनवेला समुद्राला नारळ देताना. पाना तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मग त्यांनी टोपी काढली.