किल्ल्यातले पाहुणे

किल्ल्याभोवतीचा खंदक आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या उपसला, म्हणून दरवाजावरची खोली आमची. मालक मात्र टिकले नाहीत. पहिल्यानं किल्ला जुगारात घालवला, दुसऱ्याच्या लेकांनी भांडून विकला, तिसरा तर दारू पिऊन स्वतःच्याच खंदकात बुडाला. आमच्या घरात या सगळ्यांना एकच नाव, पाहुणे. काल चौथा आला, हॉटेलवाला, पायांत आरशासारखे बूट. मुलगा कानाशी कुजबुजला, “आई, एकदा मालक म्हण. खोली वाचेल.” मी म्हटलं, “या पाहुणे, बसा.” त्याच्या नाकपुड्या फेंदारल्या. “आजीबाई, किल्ला मी विकत घेतलाय. इथं राहायचं तर मालक म्हणावं लागेल.” मुलगा हात जोडून वाकलाच होता. त्याला कोपरानं बाजूला सारलं. “तुमच्या आधीचेही छाती काढून असंच बोलायचे. आता नीट सांगा, मुक्काम किती दिवस?” मुलानं कपाळाला हात लावला. मी भांडीकुंडी पोत्यात भरायला घेतली.