चार इंच

दळणवळण हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. सोनाळ्याच्या पलीकडे, राजकुमारच्या गावापर्यंत, हा पाया खोदून ठेवलेला आहे आणि पावसाळाभर त्यात पाणी असतं.

म्हणून राजकुमार आपली जुनी जीप घेऊन खामगावात कचरू मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये उभा होता. जीप उंच करायची होती, टायर बदलायचे होते. परवा मुलीकडचे घर पाहायला येणार होते आणि त्यांना याच जीपमधून न्यायचं होतं. मुलगी पाहून झाली होती. पुष्पांजलीने मान खाली न घालता विचारलं होतं, "संत्र्याले पानी कुठून देता?" आजवर पाहिलेल्या एकाही मुलीने त्याच्या बगीच्याची चौकशी केली नव्हती. तेव्हापासून राजकुमारला आपली छत्तिशी आठवेनाशी झाली होती.

वामनमामांनी यात स्वतःची अक्कल घातली होती. मुलीचे वडील हिंमतराव खामगावातच राहत. "बोलावून घेऊ त्याईले गॅरेजवर. पोरगा गाडीले किती जपते ते दिसू दे," म्हणून मामांनी फोन लावला. हिंमतराव आले, स्टुलावर बसले, चहा आला. मामा शेजारी गुडघे चोळत बसले.

कचरूने जीपखालून डोकं काढलं. "भाऊ, दोन इंच उचलू का चार?"

"तुमीच सांगा."

"ते रस्त्यावर हाय. रस्ता कसा हाय तुमचा?"

राजकुमारने हिंमतरावांकडे पाहिलं. "चांगला हाय."

"मंग उंच काऊन करून राह्यले?"

"शौक हाय पोराले," मामा म्हणाले.

"शौक पाह्यजे," म्हणत हिंमतरावांनी बशीत चहा ओतला.

"शौकाले दोन इंच लय झाले," कचरू म्हणाला. "अन् टायर साधेच टाका. चिखलाचे टायर डांबरावर नुसते घोंगावते अन् लवकर झिजते."

"नाही, चिखलाचेच टाका."

"चिखल हाय?"

"थोडासा. पावसाळ्यात."

"पावसाळ्याचंच इचारून राह्यलो भाऊ, उन्हाळ्यात कोन चिखल इचारते! मधात नाला हाय?"

उत्तर मामांनी दिलं. "नाल्यावर पूल मंजूर हाय."

"मंजूर पुलावरून गाडी न्या लागते का मामा? मले पान्याचं सांगा. सायलेन्सर बुडते का नाही बुडत?"

हिंमतरावांची बशी तोंडापाशी थांबली.

गेल्या पावसाळ्यात याच नाल्यात जीप बंद पडली होती आणि बैलांनी ओढून काढावी लागली होती. राजकुमारने मनातल्या मनात दोन्ही बाजू पाहिल्या. खोटं बोललं, तर पाहुणे परवा नाल्यात बसणार. खरं बोललं, तर आत्ताच उठणार. उठलेल्या पाहुण्यांचे निदान पाय कोरडे राहतात.

"बुडते," तो म्हणाला.

"कुठलोक येते पानी?"

राजकुमारने जीपच्या दिव्यावर हात ठेवला. मग जरा वर सरकवला.

कचरूचा चेहरा खुलला. "हे पह्यलेच सांगा लागते ना! चार इंच. अन् मोठ्या खाचांचे टायर. मी उगाच दोनावर अडकलो होतो."

हिंमतराव उठले, जीपपाशी गेले आणि राजकुमारचा हात होता तिथे त्यांनी आपला हात ठेवून पाहिला. तो त्यांच्या पोटापाशी आला.

"दवाखाना कुठं हाय तुमचा?"

"सोनाळ्याले."

"म्हंजे नाल्याच्या इकडं."

"हाव."

"अन् पानी उतरलंच नाही तं?"

"उतरते काका," राजकुमार म्हणाला. पण खरं बोलायला एकदा सुरुवात केली की मध्येच थांबणं त्याला जमत नसे. "कधी कधी नाही उतरत."

मामांनी डोळे मिटून घेतले.

हिंमतराव रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. "पोरगा खरा हाय तुमचा," ते मामांना म्हणाले. मग चपला झटकल्या. "कळवतो."

हा शब्द राजकुमारने याआधीही बऱ्याच दारांत ऐकला होता. नंतर कोणी काही कळवल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

हिंमतरावांची स्कूटर वळणाआड गेल्यावर मामांनी डोळे उघडले. "दोन इंच म्हनला असता तं काय बिघडत होतं बे?"

"बंद पडली असती मामा."

"परवा पानी कमी असतं तं निभलं असतं. लग्नानंतर पडली असती बंद!"

कचरू हातात पाना घेऊन ताटकळला होता. "मंग चारच टाकू ना?"

"टाका," राजकुमार म्हणाला. "पानी तं येनारच हाय."

संध्याकाळपर्यंत जीप तयार झाली. दिसायला अशी रुबाबदार, की येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. एकाने शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. राजकुमार उडी मारून वर बसला आणि त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं.

"चढा मामा."

मामांनी एक पाय उचलला. तो जिथवर गेला तिथे जीप नव्हती, तिचं चाक होतं. पाय बदलून पाहिला. कचरूने मागून रेटा दिला, तेव्हा गुडघ्यातून असा आवाज आला की कचरूने हात काढून घेतला. मामांनी टोपी सारखी केली आणि आपण एसटीने येतो म्हणाले.

एसटी नाल्याच्या अलीकडे थांबते.