दोन्हीकडे मिळवायचं

"वजा नऊ? फिलोमिना, वजा नऊ वर्षांची मुलगी असते का कुठे?"

"म्हणजे जन्माला यायला अजून नऊ वर्षं आहेत, मिस!" लिओ मागून ओरडला आणि वर्ग हसला. चर्चच्या हॉलमध्ये सात विद्यार्थी, सगळे पन्नाशीच्या पुढचे. माशांचा कारखाना बंद पडला आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीवर सगळ्यांना म्हातारपणी पुन्हा वही-पेन्सिल धरावी लागली. फिलोमिनाला वृद्धाश्रमात काम मिळत होतं, पण बारावीचा दाखला हवा होता. दोनदा ती गणितात दोन-दोन गुणांनी नापास झाली होती. शुक्रवारच्या परीक्षेत पास झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

हेदर मिस टोरोंटोहून आलेल्या, गावात नव्या. त्यांना हे कोडंच होतं. माशांना मीठ किती, रंगात तेल किती, असली प्रमाणाची गणितं फिलोमिना क्ष मानून चुटकीसरशी सोडवायची. वयाचं गणित आलं की गाडी अडलीच.

आई आणि मुलीच्या वयांचं प्रमाण चारास एक. अठरा वर्षांनी ते दोनास एक होईल. फिलोमिनाने आईच्या चार क्षमध्ये अठरा मिळवले होते. मुलीच्या क्षला हातच लावला नव्हता.

"दर वेळी हेच!" मिस वैतागल्या. "आई म्हातारी होत जाते आणि मुलगी तेवढीच राहते, असं कुठल्या घरात होतं गं?"

"आमच्या घरात होतं, मिस."

कुणी हसलं नाही. लिओ मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला. तास संपल्यावर त्यानेच मिसना दाराशी गाठलं.

"तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कोण सांगणार? वीस वर्षं झाली. पायाखालचा तळ्यावरचा बर्फ फुटला. तिची ब्रिजिट सात वर्षांची होती. आणि मी मूर्ख, जन्माच्या गोष्टी करत बसलो."

मिसना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फिलोमिनाला बाजूला घेतलं. "तसलं गणित आलं तर सोडून दे. बाकीची दोनदा तपास." फिलोमिना नुसती बरं म्हणाली.

शुक्रवारी ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली. डोळे लाल होते.

"आलं होतं का?" मिसनी भीतभीत विचारलं.

"आलं होतं. बाप-लेकाचं. दोन्हीकडे मिळवलं. सुटलं."

मिसचा जीव भांड्यात पडला. फिलोमिना कोटाची बटणं लावत होती. मध्येच तिचे हात थांबले.

"वेळ उरला होता, मिस. म्हणून कच्च्या कागदावर आमच्या ब्रिजिटचंही मांडलं. सातात वीस मिळवले. सत्तावीसची झाली की हो. माझ्यापेक्षा उंच असेल आता."