नवऱ्याचं काम

बेसिल रुकवुडच्या त्या पत्राला मार्जरीनं कधीच उत्तर दिलं नव्हतं. लीड्सच्या नाटक कंपनीतून तिला काढताना या दिग्दर्शकानं लिहिलं होतं, ‘पोरी, तुला रडता येत नाही. नटी व्हायचा नाद सोड.’

आज मार्जरीची मालिका घराघरांत चहाचे कप हातात धरून पाहिली जात होती, आणि म्हातारा बेसिल कामासाठी स्टुडिओचे उंबरे झिजवत होता.

“मालिकेतल्या तुझ्या नवऱ्याचं काम द्यायचं का त्याला?” निर्मात्यानं विचारलं. “तू म्हणशील तसं.”

“द्या की.”

तिचे कपडे सांभाळणारी डॉट फणकारली, “संतीण झालीस का गं बाई? मी तर दारातूनच हाकलला असता मेल्याला!”

“दारातून कशाला? आत तर येऊ दे,” मार्जरी म्हणाली, आणि संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं उत्तर टपालाच्या लाल पेटीत टाकलं.

‘प्रिय बेसिल,

मंगळवारी या. तुम्हाला संवाद नाहीत. शवपेटीत निपचित पडून माझं रडणं ऐकायचं. तुमची छाती जराही हलली, तर मी पुन्हा पहिल्यापासून रडेन.’