चाळीस सह्यांचा वास

गावाच्या सांडपाणी प्रकल्पाचा वास येतो, अशी चाळीस सह्यांची तक्रार घेऊन साहेब आले, तेही नाकाला रुमाल लावूनच. प्रकल्पाच्या ऑपरेटरचं डोकं फिरलं. "साहेब, एकदा आत बघा तरी!" त्याने त्यांना हाताला धरून टाकीच्या काठावर नेलं. तळ कोरडा ठणठणीत. कोपऱ्यात मांजरी पिल्लांना पाजत होती. "गटाराची पाइपलाइन अजून जोडलेलीच नाही. वर्षभर पत्रं लिहितोय. एक थेंब आला असेल तर मिशी उतरवीन!" साहेबांनी वाकून बघितलं. रुमाल मात्र हलला नाही. "ते ठीक आहे हो," ते रुमालाआडूनच म्हणाले, "पण वास येतोय ना!" 'तक्रार खरी' अशी नोंद करून साहेब निघून गेले. ऑपरेटरने कपाळाला हात लावला. घरी बायकोसुद्धा रोज दारातूनच अंघोळीला पिटाळायची. कुलूप लावून, इकडेतिकडे बघत, त्याने हळूच स्वतःची बाही हुंगली.