चोरलेला पान्हा

तीन दिवस चंद्री म्हैस पान्हा चोरत होती. कास चोळून थकलेल्या सगुणानं शेवटी वैतागून तिच्या गळपट्ट्यातला दुभाषा सुरू केला. एरवी त्यातून 'पाणी', 'माशा' एवढंच ऐकू येई.

"कुंपणापलीकडचं रेडकू उपाशी आहे," दुभाषा बोलला. "त्याची आई मेली. दूध त्याला ठेवलंय."

सगुणा चरकली. पलीकडे तिची थोरली जाऊ, गोदाक्का. वाटणीपासून नऊ वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. तिची म्हैस गेल्याचंही हिला ठाऊक नव्हतं.

सगुणानं कुंपणाच्या काट्या उपसल्या. चंद्री पलीकडे गेली, रेडकू लुचायला लागलं आणि पान्हा सुटला.

गोदाक्का पदर सावरत बाहेर आली. "तू कशी काय आलीस गं?"

"मला कुठली एवढी अक्कल, अक्का? चंद्रीनं आणलं."