कळवल्याची नोंद

तिसऱ्या पोलीस ठाण्याच्या नोटीस बोर्डावर अटक केलेल्यांची यादी लावली होती. काचेवरून बोट सरकवत शेवंता एकेक नाव वाचत होती. तेजसचा फोन कालपासून बंद होता. पहिल्या ठाण्यात ती मनात म्हणत होती, देवा, पोराचं नाव नसू दे. आता म्हणत होती, असू दे बाबा, निदान कुठं आहे ते तरी कळेल.

सातव्या ओळीत नाव सापडलं. ती तशीच आतल्या टेबलाकडे धावली.

"मारामारीत धरलाय, मावशी. होईल जामीन," हवालदारीण म्हणाली.

"अहो मॅडम, मग घरी कळवायचं नाही का? जीव टांगणीला लागलाय माझा!"

"न कळवून कसं चालेल? अटक केली की घरी सांगावंच लागतं." हवालदारणीने रजिस्टर उघडून वाचलं, "काल दुपारी सव्वातीन. वडिलांना फोनवरून कळवले. 'मला असा मुलगा नाही' असे म्हणून त्यांनी फोन ठेवला."

शेवंता बाहेर आली. सकाळपासून तिला मोटरसायकलवरून ठाणी हिंडवणारा नवरा गेटपाशीच उभा होता. याच ठाण्यात यायला तेवढा तो कुरकुरत होता.

"नाही ना सापडलं? बस, आता सरकारी दवाखान्यात बघू," म्हणत त्याने किक मारली.

ती बसली नाही. आल्या पावली परत आत गेली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "मॅडम, तो नंबर खोडा. माझा लिहून घ्या."